डबा उलटा करून पाहा

इंदुरात गोड टाळायचं म्हणजे अंमळ कठीणच. सुदामा नगरातल्या मराठी घरात सणाला श्रीखंड हवं, आणि रात्री सराफा बाजारात गेलं की मावाबाटी नि गरम जिलेबी खुणावतेच. मग मधुमेही पाहुण्यासाठी 'शुगर-फ्री' मिठाईचा डबा येतो.

तो उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचावीत. खजुराच्या बर्फीत वरून साखर घातलेली नसते, हे खरं. पण सुक्या खजुरात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर मुळातच असते. खव्यात दुधाचं लॅक्टोज आटून दाट झालेलं असतं. गुलाबजामातल्या मैद्याचंही पोटात ग्लुकोजच होतं.

गोडी कशाची, तेही पाहावं. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड, म्हणून कणभर पुरतं. एरिथ्रिटॉलने रक्तातली साखर जवळजवळ वाढत नाही. माल्टिटॉल मात्र ती थोडी वाढवतं, ग्रॅममागे सुमारे २ कॅलरी देतं आणि जास्त झालं तर पोटाला पळवतं!

वजन आटोक्यात ठेवायला सुक्रालोजसारख्या पर्यायांवर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सुचवलं. आधीच मधुमेह असलेल्यांना त्यातून वगळलं होतं.

विकतच्या डब्यापेक्षा घरचा चक्का बरा. दही टांगल्यावर गळणाऱ्या पाण्याबरोबर बरंचसं लॅक्टोज निघून जातं. चक्क्यात किंचित सुक्रालोज, वेलची, जायफळ घालावं. वाटी मात्र लहानच घ्यावी.