आपलं विद्यापीठ फक्त हॉल तिकिटावर?

‘तू मुंबई युनिव्हर्सिटीत आहेस ना, मग शिकतेस कुठे?’ चेंबूर, गोवंडी, मानखुर्दच्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर हा प्रश्न टाकून बघा. उत्तरात कॉलेजचं नाव येईल, क्लासचं येईल, वडापावच्या गाडीचंही येईल. विद्यापीठाचं नाव मात्र हॉल तिकीट, मार्कशीट आणि केटीच्या फॉर्मपुरतंच निघेल. ट्रॉम्बेहून कलिना पंधरा किलोमीटरसुद्धा नाही. पण टीवायचा शेवटचा पेपर होईपर्यंत तिथे एकदाही न गेलेली मुलंमुली आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. बरेच जण पहिल्यांदा जातात तेही मायग्रेशन किंवा ट्रान्सक्रिप्टच्या कामाला, म्हणजे विद्यापीठ सोडताना!

सातशेहून अधिक कॉलेजं, लाखो विद्यार्थी आणि कुलाब्यापासून सिंधुदुर्गापर्यंतचे सात जिल्हे एवढा पसारा असलेलं हे विद्यापीठ आपल्यापैकी अनेकांना इतकं अनोळखी का? आपण आळशी आहोत म्हणून? थोडं असेलही. पण खरं कारण १८५७ मध्ये सापडतं.

जन्मच परीक्षेसाठी

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर ब्रिटिशांनी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे तीन विद्यापीठं काढायचं ठरवलं. मुंबईचा कायदा झाला १८ जुलै १८५७ ला. समोर नमुना होता लंडन विद्यापीठाचा. कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. वर्ग, प्राध्यापक, कॅम्पस हे काही त्या योजनेत नव्हतंच. विल्सन, एल्फिन्स्टन, ग्रँट मेडिकल ही शिकवणारी ठिकाणं तर विद्यापीठाच्याही आधीची.

१८६२ मध्ये बीए झालेल्या पहिल्या तुकडीत चौघे होते. त्यातले दोघे म्हणजे महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर. १८८७ मध्ये मोहनदास गांधी नावाचा राजकोटचा मुलगा अहमदाबादला जाऊन मॅट्रिकला बसला, ती परीक्षाही मुंबई विद्यापीठाचीच. देशातल्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक असलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर, पण त्या शिकल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. म्हणजे ‘विद्यापीठ मुंबईचं आणि कॉलेज भलतीकडेच’ हा प्रकार आपल्या पिढीचा नाही, पहिल्यापासूनचा आहे.

विद्यापीठाने स्वतः शिकवायला सुरुवात केली ती विसाव्या शतकात. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्र विभाग आला. पुढे गो. स. घुर्ये यांनी तो असा वाढवला की भारतातल्या समाजशास्त्राची गोष्ट या विभागाशिवाय सांगताच येत नाही. इरावती कर्वे एमएसाठी घुर्यांच्याच विद्यार्थिनी होत्या. १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला, तोच माटुंग्याचा यूडीसीटी. रघुनाथ माशेलकर तिथलेच.

फोर्ट : मनोरा आणि ओव्हल

हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरा, हुतात्मा चौक पार करा, की हायकोर्टाच्या शेजारी राजाबाई टॉवर दिसतो. सुमारे २८० फुटांचा हा मनोरा १८६९ ते १८७८ या काळात बांधला गेला. पैसे दिले कापसाच्या व्यापारातले बडे शेठ प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिलं आईचं. आराखडा इंग्लंडच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे महाशय भारतात कधी आलेच नाहीत! मनोऱ्याच्या पोटात ग्रंथालय आहे. शेजारचा दीक्षान्त सभागृहाचा दगडी हॉल सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभा राहिला.

ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात आपल्या विद्यापीठाच्या या इमारतीही आहेत. पर्यटक पलीकडच्या फुटपाथवरून फोटो काढतात. आपल्या मार्कशीटवर त्याच विद्यापीठाचं नाव असतं, तरी आपणही पलीकडच्या फुटपाथवरूनच बघतो.

कलिना : खरं विद्यापीठ इथे आहे

फोर्टची जागा अपुरी पडली तसं विद्यापीठाने सांताक्रूझ पूर्वेला बस्तान हलवलं. दोनशेहून अधिक एकरांची ही ‘विद्यानगरी’. आपल्या बाजूने जायचं तर मानखुर्द किंवा गोवंडीहून लोकल पकडून कुर्ला, आणि कुर्ला पश्चिमेहून सांताक्रूझकडे जाणारी बस. गेटमधून आत शिरलं की पाच मिनिटांपूर्वी आपण कुर्ल्याच्या गर्दीत होतो हे खरं वाटत नाही. झाडं, लांब रस्ते, आणि एकेका थोर माणसाचं नाव लावलेली ‘भवनं’.

मराठी, संस्कृत, पाली, उर्दू, जर्मन, फ्रेंच, रशियन असे भाषांचे विभाग इथे आहेत. आफ्रिकेचा अभ्यास करणारा स्वतंत्र विभाग आहे. जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. नाटकवेड्यांसाठी थिएटर आर्ट्सची अकादमी आहे आणि तमाशा, भारूड, दशावतार अभ्यासाचे विषय मानणारी लोककला अकादमीही. दूरस्थ शिक्षणाचं ‘आयडॉल’, म्हणजे आताचं दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र, तेही इथलंच. दिवसा नोकरी करून पदवी घेणाऱ्या ट्रॉम्बे, चिता कॅम्प, मंडाळ्यातल्या कितीतरी जणांचं कॉलेज म्हणजे हेच केंद्र.

यातलं बहुतेक सगळं एमए, एमएस्सी, पीएचडीच्या पातळीवर आहे. पदवी करणाऱ्याला कॅम्पसचं तोंड न दिसण्याचं हे दुसरं कारण. तीन वर्षं कॉलेज, आणि त्यानंतर शिकायचं असेल तर विद्यापीठ. पण त्यानंतर शिकायचं की नाही हे ठरवायच्या वेळी ती जागा बघितलेलीच नसेल, तर ठरवणार कशाच्या जोरावर?

ट्रॉम्बेचं कोडं

आपल्या भागाची गंमत तर आणखी वेगळी. विद्यापीठाचा दर्जा असलेल्या संस्थांची इथे रांगच लागली आहे. देवनारला टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९३६ ची स्थापना आणि १९६४ पासून अभिमत विद्यापीठ. तिच्याजवळच लोकसंख्येचा अभ्यास करणारी आयआयपीएस. अणुशक्तीनगरला होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट, हे २००५ पासूनचं अभिमत विद्यापीठ. मानखुर्दला टीआयएफआरचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, जिथून विज्ञान ऑलिम्पियाडचं देशभरातलं काम चालतं. (दक्षिण मुंबईत २०१९ मध्ये झालेलं डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ हे तिसरंच प्रकरण. नावावरून गल्लत नको.)

म्हणजे देशभरातून मुलं जिथे शिकायला येतात त्या गेटांवरून आपली बस रोज जाते. पण बारावीनंतर साधं बीकॉम, बीए, बीएस्सी करायचं तर आपला आधार मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं कॉलेज हाच. या मोठ्या संस्थांचा बराचसा भर पदवीनंतरच्या शिक्षणावर आणि संशोधनावर, आणि प्रवेश देशपातळीवरच्या स्पर्धेतून.

या दोन जगांना जोडणारा एक पूल मात्र आहे, आणि तो आपल्याकडच्या सायन्सच्या मुलांना माहीत असायलाच हवा. एचबीएनआय येण्याआधी बीएआरसीमधले अनेक शास्त्रज्ञ पीएचडीसाठी मुंबई विद्यापीठाकडेच नाव नोंदवत. तोच धागा पुढे नेत २००७ मध्ये अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठ यांनी मिळून कलिना कॅम्पसमध्ये मूलभूत विज्ञानाचं केंद्र सुरू केलं. त्याचं नाव सीईबीएस. तिथे बारावीनंतर थेट पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमएस्सी करता येतं. प्रवेश ‘नेस्ट’ या परीक्षेतून मिळतो. जेईई आणि नीटच्या गदारोळात या परीक्षेचं नावही कानावर पडत नाही, आणि बीएआरसीच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या मुलांच्याही कानावर पडत नाही.

मोठेपणाची किंमत

एवढ्या मोठ्या यंत्रणेत एक खिळा निखळला की काय होतं, हे २०१७ च्या बॅचला विचारा. त्या वर्षी सगळ्याच उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय पुरेशा तयारीविना अमलात आला. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका होत्या. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत लांबत गेले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आलं. पण बाहेरच्या विद्यापीठांचे आणि परदेशातले प्रवेश तोवर बंद झाले होते. ज्यांचं वर्ष गेलं त्यांना ते परत कोण देणार? यानंतर चारच वर्षांनी, २०२१ मध्ये, याच विद्यापीठाला नॅककडून ‘ए प्लस प्लस’ मिळालं. दोन्ही गोष्टी एकाच विद्यापीठाच्या आहेत. विभागांचं संशोधन एकीकडे, परीक्षा विभागावरचा भार दुसरीकडे. आपल्या वाट्याला येतो तो बहुतेक वेळा दुसरा.

मग तुकडे करावेत का? खरं तर ते आधीपासूनच होतायत. एके काळी सिंधपासून धारवाडपर्यंतची कॉलेजं या विद्यापीठाखाली होती. स्वातंत्र्यानंतर पुणे, गुजरात आणि कर्नाटकची विद्यापीठं वेगळी झाली. गोव्याची कॉलेजं १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ होईपर्यंत मुंबईशीच जोडलेली होती. मेडिकल कॉलेजं १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे गेली. यूडीसीटी २००८ मध्ये आयसीटी नावाने स्वतंत्र झालं. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅमसारखी जुनी नावं आता होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत. शिवाय दरवर्षी आणखी काही कॉलेजं स्वायत्त होतायत, त्यांच्या परीक्षा त्यांच्या त्याच घेतात.

दुसऱ्या बाजूने विद्यापीठ लांब राहणाऱ्यांकडे जायचा प्रयत्नही करतंय. ठाणे, कल्याण, रत्नागिरी, सावंतवाडी इथे उपकेंद्रं आहेत. ट्रॉम्बेच्या मुलाला कलिना लांब वाटत असेल, तर एका सहीसाठी रात्रीच्या एसटीने येणाऱ्या दोडामार्गच्या मुलीला काय वाटत असेल? कोकणासाठी वेगळ्या विद्यापीठाची मागणी अधूनमधून डोकं वर काढते, ती उगाच नाही. पण त्या मागणीच्या विरोधात बोलणारेही कोकणातलेच असतात. त्यांना पदवीवरचं ‘मुंबई’ हे नाव सोडायचं नसतं. नाव हवंय, पण हेलपाटे नकोत. यात चूक काहीच नाही.

आपलं आपण काय करायचं?

१८५७ मध्ये विद्यापीठ हे परीक्षा घेणारं ऑफिस होतं. आज तसं नाही, पण पदवीच्या मुलांसाठी ते अजून ऑफिसच उरलंय. ते बदलायची जबाबदारी विद्यापीठाची आहेच. तोवर आपल्या हातात एवढं नक्की आहे :

• एफवायला असतानाच एकदा कलिनाला जा. काही काम नसताना जा. ज्या विषयात पुढे शिकावंसं वाटतं त्या विभागाचा नोटीस बोर्ड वाचा. व्याख्यानं आणि परिसंवादांच्या सूचना तिथे लागतात.

• विद्यापीठाच्या ग्रंथालयांत कुठल्या अटींवर बसता येतं, हे आपल्या कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा. आधी त्यांच्याशी बोललात तर पुढचे हेलपाटे वाचतील.

• युवा महोत्सव फक्त नाचगाण्याचा नसतो. वक्तृत्व, चित्रकला, एकांकिका असं बरंच काही असतं. कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाकडे वर्षाच्या सुरुवातीलाच नाव द्या.

• कॉलेज स्वायत्त असेल तरी पदवी विद्यापीठाचीच मिळते. परीक्षेची तक्रार मात्र आधी कॉलेजच्या परीक्षा विभागाकडे न्यायची.

• पदवी मिळाली की सिनेटच्या नोंदणीकृत पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवता येतं. तिथून दहा प्रतिनिधी निवडून जातात. निकाल का रखडले, फी का वाढली, हे सभागृहात विचारायचा हक्क त्यांना असतो. निकालावर मीम्स बनवणाऱ्या प्रत्येकाने निदान हा एक फॉर्म तरी भरावा.