घरापासून पाचशे फूट

लास व्हेगासच्या विमानतळावर सामान हाती येण्याआधीच जुगाराची यंत्रं समोर येतात. रांगेनं मांडलेली, लुकलुकणारी. शहरात शिरून दूध-पाव घ्यायला दुकानात जावं, तर तिथंही कोपऱ्यात चार-सहा यंत्रं असतात. नेवाडा राज्यात छोट्या दुकानाला १५ पर्यंत यंत्रं ठेवायचा परवाना मिळू शकतो. जुगार तिथं १९३१ पासून कायदेशीर आहे. असं गाव म्हटल्यावर कॅसिनो कुठंही उभा राहत असेल, असं मी धरूनच चाललो होतो.

पण तसं मुळीच नाही. बड्या कॅसिनोंचा मुख्य रस्ता सोडला, तर बाकी भागात नव्या कॅसिनोची जागा रहिवासी वस्तीच्या हद्दीपासून किमान ५०० फूट दूर असावी लागते. शाळा आणि प्रार्थनास्थळापासून १५०० फूट. ज्या शहराचं पोट पत्त्यांवर आणि फाशांवर चालतं, तेच शहर घर आणि कॅसिनो यांच्यामध्ये मोजपट्टी धरून उभं राहतं! हे समजलं तेव्हापासून मी या नियमाच्या प्रेमातच आहे.

मोजपट्टीचा नियम आपल्याला नवा नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी असल्याची पाटी आपण शाळेच्या भिंतीवर पाहतो. प्लॉट घेताना ‘यलो झोन आहे ना?’ हा प्रश्न आधी येतो. झोनिंग म्हणजे एवढंच: कुठल्या जमिनीवर काय उभं राहील, हे आधी नकाशावर ठरवायचं.

लास व्हेगासचा हा नियम १९९७ चा, नेवाडा राज्याच्या सिनेट बिल २०८ मधून आलेला. कारण लोकसंख्येत आहे. लास व्हेगास ज्या क्लार्क काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात येतं, तिथं १९९० साली सुमारे ७.४ लाख माणसं होती. २००० साली पावणेचौदा लाख झाली. वाळवंटात घरांच्या रांगा पसरत गेल्या आणि त्यांच्या मागोमाग, पर्यटकांपेक्षा स्थानिकांवर डोळा ठेवून, कॅसिनोही वस्त्यांकडे सरकू लागले.

त्या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट फुटांची नाही. नव्या जागेसाठी अर्ज आला, तर पुरावा कुणी द्यायचा? शेजाऱ्यांनी नव्हे, अर्जदारानं. रस्ते, पाणी, सांडपाण्याची सोय पुरेशी आहे, आसपासच्या लोकांच्या राहणीमानाला धक्का लागणार नाही, हे त्यानं स्पष्ट आणि पटण्याजोग्या पुराव्यानं दाखवायचं. आपल्याला सवय उलटी: त्रास ज्याला होतो, त्यानंच कागद घेऊन हेलपाटे घालायचे. शिवाय मंजुरीला तीन चतुर्थांश मतं लागतात. काउंटीच्या मंडळात सात सदस्य आहेत. म्हणजे पाच मतं मिळूनही अर्ज पडतो, सहा हवीतच.

आता त्या वगळलेल्या रस्त्याची गोष्ट. जगभर ‘लास व्हेगास’ म्हणून ज्याची चित्रं दिसतात तो झगमगता ‘स्ट्रिप’ बहुतांशी लास व्हेगास शहरात नाहीच! तिथला पहिला रिसॉर्ट, एल रांचो व्हेगास, १९४१ साली मुद्दाम शहराच्या हद्दीबाहेर बांधला गेला. पुढं शहरानं हद्दवाढ करायचं मनावर घेतलं, तेव्हा १९५० साली तिथं पॅराडाइज नावाचं वेगळं नगर स्थापून घेतलं गेलं, आणि शहराचे कर दूरच राहिले. पर्यटक ज्याच्यापुढं फोटो काढतात, तो १९५९ चा स्वागतफलकसुद्धा शहराबाहेर आहे. कागदावरच्या रेषेत एवढं बळ असतं.

आपल्या शेजारी गोव्यात हीच रेषा पाण्यावर गेली. १९७६ च्या जुगार कायद्यात नंतर दुरुस्त्या झाल्या: जमिनीवर पंचतारांकित हॉटेलांत फक्त यंत्रं, आणि टेबलावरचे खेळ जहाजांवर. ती जहाजं मांडवीत नांगरलेली, पणजीच्या काठावरून स्पष्ट दिसणारी. ती तिथून हलवा, ही पणजीकरांची मागणी जुनी आहे. ती मला रास्त वाटते. काठावरची घरं काही नदी वाहते म्हणून दूर जात नाहीत.

नेवाडाच्या कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. परवानगीच्या जागा मोजक्या झाल्या, तशा त्या ज्यांच्या हातात आधीपासून होत्या त्यांचं फावलं. नव्या स्पर्धकाला दार जवळजवळ बंद. शेजाऱ्यांसाठी घातलेलं कुंपण जुन्या कॅसिनोवाल्यांच्याही कामी आलं. तरी ते कुंपण असावं, असंच मी म्हणेन.

शहराच्या पश्चिम टोकाला, रेड रॉक कॅन्यनच्या लाल कड्यांकडे जाताना, एक कॅसिनो-हॉटेल लागतं. जागेला परवानगी होती, पण हॉटेलचा मनोरा ३०० फुटांचा ठरला होता. आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला, वाद झाला, आणि एप्रिल २००६ मध्ये ते उघडलं तेव्हा मनोऱ्याची उंची होती १९८ फूट. उरलेल्या १०२ फुटांत तिथं आज आकाश आहे.