कोलेस्टेरॉल : शरीराची गरज आणि धमन्यांवरील संकट

कोलेस्टेरॉल हा शब्द बहुतेकांना प्रथम रक्ततपासणीच्या अहवालात भेटतो, म्हणून तो एखाद्या रोगाचे नाव वाटतो. वस्तुतः हा मेणासारखा पदार्थ प्रत्येकाच्या शरीरात जन्मापासून असतो. पेशींची आवरणे, पचनास लागणारा पित्तरस, कित्येक संप्रेरके आणि उन्हामुळे त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व यांना त्याची आवश्यकता असते. त्याचा मोठा भाग शरीर स्वतःच, मुख्यत्वे यकृतात, तयार करते. त्यामुळे सडपातळ किंवा शाकाहारी व्यक्तीतही त्याचे प्रमाण वाढलेले आढळू शकते.

हा स्निग्ध पदार्थ रक्तात विरघळत नाही. प्रथिनयुक्त कणांतून तो वाहून नेला जातो. त्यांपैकी एलडीएल कण अधिक झाले की ते धमनीच्या अस्तरात शिरून साचतात. हा थर वर्षानुवर्षे वाढतो, पण काहीच दुखत नाही. एखादे दिवशी तो फाटून तेथे रक्ताची गुठळी होते. ती हृदयाच्या धमनीत झाल्यास हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूच्या धमनीत झाल्यास पक्षाघात. एचडीएल कण अतिरिक्त कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतात.

तेलाच्या पिशवीवरील ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाने भुलू नये. वनस्पतिजन्य तेलांत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. पाहावयाचे ते संतृप्त मेदाचे प्रमाण. तूप, लोणी, पामतेल व खोबरेल यांत ते अधिक असते. वनस्पती तुपातील ट्रान्स मेदावर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे; तरीही तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवणे टाळावे.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल प्रतिडेसिलिटर १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे. मधुमेह असणाऱ्यांसाठी किंवा झटका येऊन गेलेल्यांसाठी मर्यादा याहून खाली असते, ती डॉक्टर ठरवतात. आईवडिलांना किंवा भावंडांना तरुण वयात झटका आला असल्यास घरातील सर्वांनी, मुलांनीही, तपासणी करून घ्यावी. हा दोष आनुवंशिक असू शकतो.

‘अहवाल नॉर्मल आला, आता गोळी कशाला?’ हा प्रश्न दवाखान्यात नेहमी ऐकू येतो. अहवाल बहुधा त्या गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. स्टॅटिन थांबवल्यास काही आठवड्यांतच एलडीएल पूर्वपदावर जाते. स्नायू दुखत असतील किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर तसे डॉक्टरांना सांगावे. गोळी परस्पर बंद करू नये.