भिंगातील बुरशी आणि आपल्या स्मृती

1954 साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर उमेदवार होते. त्या वेळी त्यांना पाहिलेली वडीलधारी मंडळी आता फारशी उरली नाहीत. ज्या समाजाची दप्तरे इतरांनी लिहिली, त्याच्यासाठी छायाचित्र हा इतिहासाचा पुरावा असतो. म्हणून कॅमेऱ्याची हेळसांड आम्हांला गंभीर वाटते. आणि ती आमच्याच हातून घडली आहे.

एके वर्षी आषाढी पौर्णिमेनंतर आम्ही शाळेचा कॅमेरा चामडी पेटीत घालून कपाटात ठेवला. वर्षावास सरत आला असता, धम्मचक्र प्रवर्तन दिनी तो काढला, तर मुलांचे चेहरे धुक्यातल्यासारखे आले. भिंगातून विजेरीचा उजेड आरपार टाकला, तेव्हा आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. ती बुरशी होती.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील या तलावांच्या जिल्ह्यात पावसाळाभर हवा दमट असते. आर्द्रता दीर्घकाळ 70 टक्क्यांवर राहिली आणि हवा कोंडली, की ते रुजतात. धूळ व बोटांचा तेलकटपणा हे त्यांचे अन्न. चामडे ओल धरून ठेवते. बुरशीतून स्रवणारी आम्ले भिंगावरील पातळ लेप खातात. मग बुरशी पुसली तरी डाग राहतो. नुसत्या धुळीचे तसे नाही. आतले दोन-चार कण चित्रात सहसा उमटत नाहीत. तेवढ्यासाठी भिंग उघडू नये.

उपाय साधे आहेत. कॅमेरा कोरड्या कापडाने पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. आत आर्द्रता 40 ते 50 टक्के असावी. पुड्या ओलावल्या की बदलाव्यात. आपल्या भाताच्या मुलखात कॅमेरा तांदळात ठेवण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नये, कारण तांदळाची भुकटी आत शिरते. अधूनमधून कॅमेरा बाहेर काढून वापरावा. बुरशी आत दिसल्यास जाणत्या कारागिराकडे तत्काळ द्यावा.

ओल, धूळ आणि दुर्लक्ष एकत्र आले, की बुरशी उद्भवते. कारणे दूर केली, की ती थांबते. तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद इथेही प्रत्ययास येतो.

माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती. जुन्या निगेटिव्हवरील जिलेटिनचा थरही बुरशीचे अन्नच आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी घरची कपाटे उघडा, जुनी छायाचित्रे पाहा आणि त्यांच्या प्रती शाळेकडे द्या.

जय भीम.