आधी आकडा, मग आवाज
लेखमाला ‘बोलणारी माणसं’ : भाग पाचवा

१८९७च्या एप्रिल महिन्यात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले एक प्राध्यापक लंडनमध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्षीला बसले. वयाची एकतीस वर्षंही अजून पुरी व्हायची होती. विलायतेची वारी पहिलीच, आणि वाटेत फ्रान्समधल्या कॅलेला पडून छातीला मार बसलेला. संकोचापायी त्यांनी ते दुखणं काही दिवस कुणाला सांगितलंही नाही. हिंदुस्थानच्या तिजोरीतला पैसा इंग्रज सरकार कशावर आणि कुणासाठी खर्च करतं, हा कमिशनपुढचा विषय. लेखी निवेदन आधीच गेलेलं होतं. आता त्यातल्या विधानांवर उलटतपासणी सुरू झाली. समोर अर्थकारणात मुरलेले इंग्रज अधिकारी होते. गोपाळ कृष्ण गोखले या परीक्षेतून ताठ मानेनं बाहेर पडले.

मागच्या भागात आपण आवाज, श्वास आणि व्यासपीठावर उभं राहण्याची ढब पाहिली. गोखल्यांची गोष्ट वाचताना मात्र जाणवतं, की या तिन्ही गोष्टी त्यांना फारशा कुणी शिकवल्याच नव्हत्या. त्यांना शिकवलं गेलं ते दुसरंच.

गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी १८६६ साली जन्मलेला हा मुलगा तेरा वर्षांचा असताना वडील वारले. थोरल्या भावानं शिक्षण सोडलं, पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवले. गोपाळ १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाला आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर म्हणून रुजू झाला. पाठांतर दांडगं, इंग्रजी उत्तम. पण तेवढं त्या काळच्या पुण्यात आणखी बऱ्याच तरुणांकडे होतं.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांची गाठ कशी पडली, याची एक कथा पुण्यात आवर्जून सांगितली जाते. हिराबागेत समारंभ होता आणि दारावर निमंत्रणपत्रिका तपासायचं काम या तरुण शिक्षकाकडे होतं. पत्रिका न घेता आलेल्या रानड्यांना त्यानं दारातच थांबवलं. शेवटी कार्यवाहांनी येऊन त्यांना आत नेलं. कथेत तिखटमीठ किती, हा भाग सोडला, तरी नियमाला चिकटून राहणारा पोरगा रानड्यांना आवडावा, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच आहे.

१८८७च्या सुमारास गोखले रानड्यांच्या हाताखाली आले. पुढचा काळ म्हणजे एक लांबलचक उमेदवारी. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचं काम होतं, सभेचं इंग्रजी त्रैमासिक होतं आणि सरकारकडे पाठवायचे अर्ज होते. जमीनमहसूल, दुष्काळ, लष्करी खर्च, मीठकर असा कोणताही विषय घ्या, आधी सरकारी अहवाल आणि खर्चाची कोष्टकं वाचायची, मग मसुदा करायचा, मग तो रानड्यांपुढे ठेवायचा. रानडे वरिष्ठ न्यायाधीश. पुरावा चाळून घेण्याची सवय त्यांच्या हाडीमांशी खिळलेली. विशेषणांनी भरलेलं वाक्य त्यांच्यापुढे टिकायचं नाही.

वक्तृत्वाला रानड्यांचा विरोध होता, असा मात्र याचा अर्थ नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली त्यांच्याच पुढाकारानं सुरू झाली आणि आजही वक्तृत्वोत्तेजक सभा ती चालवते. जाहीर बोलण्याची हौस समाजाला लागावी, यासाठी त्यांनी संस्था काढल्या. हाताखालच्या माणसाला घडवताना मात्र त्यांनी तोंडाआधी त्याच्या टिपणवहीकडे पाहिलं.

एकदा गोखले वैतागले. एवढ्या कष्टानं अर्ज तयार करायचा आणि सरकारकडून दोन ओळींचं उत्तर यायचं, तर ही मेहनत कशासाठी? रानड्यांनी त्यांना समजावलं, की अर्जावर नाव सरकारचं असलं, तरी तो खरा आपल्या लोकांसाठी असतो; अशा प्रश्नांवर विचार कसा करायचा, हे लोकांनी त्यातून शिकावं. गोखले ही आठवण पुढे सांगत असत. चांगला मार्गदर्शक शिष्याचा श्रोता बदलून देतो, याचं याहून नेमकं उदाहरण सापडणं कठीण. वरच्या साहेबाच्या शेऱ्यावर डोळा ठेवून लिहिणारा माणूस त्या दिवसापासून समोरच्या समाजासाठी लिहू लागला.

या घडणीत आणखी एक माणूस होता आणि त्याचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही. गणेश व्यंकटेश जोशी. (‘सार्वजनिक काका’ म्हणजे गणेश वासुदेव जोशी. आद्याक्षरं तीच असल्यानं दोघांची गल्लत हमखास होते.) हे जोशी सोलापूरला सरकारी शाळेत मुख्याध्यापक होते. सरकारी चाकरीमुळे त्यांचे अर्थविषयक लेख निनावी छापले जात. आकडेवारीत त्यांचा हात धरणारा माणूस त्या काळी विरळा. वेल्बी कमिशनपुढचं निवेदन रानडे आणि जोशी यांच्या मदतीनं उभं राहिलं होतं. लंडनमध्ये गोखले एकटे बोलत होते, पण कागदामागे तिघं होते.

आणि त्याच वर्षी गोखल्यांचा तोल गेला. विलायतेत असतानाच पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी प्लेगच्या बंदोबस्तातल्या गोऱ्या सोजिरांवर स्त्रियांच्या विटंबनेचे आरोप केले. ते तिथल्या वर्तमानपत्रात छापून आले. इकडे २२ जूनच्या रात्री पुण्यातल्या प्लेग बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वातावरण पेटलं. परत आल्यावर गोखल्यांनी पुरावा शोधला. पत्रं पाठवणाऱ्यांपैकी कुणी नावानिशी पुढे यायला तयार होईना. त्यांनी जाहीर माफी मागितली. ‘भित्रा’ म्हणून पुण्यात त्यांची छीथू झाली, आणि वर्षअखेरीच्या अमरावती काँग्रेसमध्येही त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला.

दहा वर्षं ज्यांनी प्रत्येक आकडा तपासून घेतला, त्यांनी नेमकं हेच एक विधान न तपासता केलं होतं. प्लेगच्या बंदोबस्तात अत्याचार झालेच नाहीत, असं यावरून म्हणता येणार नाही. त्यांना ते सिद्ध करता आलं नाही, एवढंच. महत्त्वाचं हे, की रानड्यांनी त्या दिवसांत या शिष्याला अंतर दिलं नाही. माणूस जिंकत असताना मार्गदर्शक म्हणून मिरवणारे ढीगभर भेटतात. गोखले सार्वजनिक जीवनातून उठले असते, तर फार कुणाला नवल वाटलं नसतं.

ते उठले नाहीत. आधी मुंबईच्या आणि मग १९०२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात पोचले. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेलेले. मार्च १९०२मध्ये गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. सरकार तेव्हा शिलकीची फुशारकी मारत होतं. गोखल्यांनी शिलकीचं मूळच उकरलं. रुपयाचा भाव घसरत होता, तेव्हा विलायतेला पौंडांत भरायच्या रकमेची तोंडमिळवणी व्हावी म्हणून कर वाढवले गेले. १८८८ साली मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे रुपया सावरला, भरणा स्वस्त झाला, कर मात्र तेवढेच राहिले. म्हणजे ही शिल्लक दुष्काळानं गांजलेल्या रयतेच्या खिशातून आलेली आहे. भाषणात आवेश बेताचाच होता, पण हिशेबाला उत्तर नव्हतं. पुढच्याच वर्षी मीठकर अडीचवरून पुन्हा दोन रुपयांवर आला. तो एकट्या या भाषणामुळे आला असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल, पण दरसाल मीठकराचा पाठपुरावा करणारा सर्वांत टोकदार आवाज त्यांचाच होता.

देशभर वाहवा होत असताना गोखल्यांनी सोलापूरच्या जोशींना पत्र पाठवलं. भाषण खरं तर तुमचं आहे, सारं श्रेय मी घेतोय ही लोकांची जवळजवळ फसवणूकच वाटते, असा त्याचा आशय होता. कंपन्यांत दुसऱ्यानं केलेल्या स्लाइड्स आपल्या म्हणून दाखवणाऱ्या साहेबांना हे पत्र वाचायला द्यावं.

स्वतःची झालेली घडण गोखल्यांनी मग संस्थेच्या रूपात मांडली. १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन झाला. नव्या सदस्याला पाच वर्षं उमेदवारी करावी लागे. अभ्यास करायचा, देश हिंडून पाहायचा, आणि या काळात पूर्णपणे गोखल्यांच्या सांगण्यानुसार वागायचं. मद्रासच्या एका शाळेचे मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री १९०७ साली तिथे आले. याच शास्त्रींची इंग्रजी वक्तृत्वासाठी पुढे साम्राज्यभर कीर्ती झाली.

गांधीजींची गोष्ट तर आणखी गमतीची. लंडनला शाकाहारी मंडळींपुढे चार ओळी वाचतानाही ज्यांचे पाय लटपटत, त्या गांधीजींनी गोखल्यांना राजकीय गुरू मानलं. १९१२ साली गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा तिथल्या मंत्र्यांच्या भेटीआधी गांधीजींनी त्यांना टिपण काढून दिलं आणि गोखल्यांनी रात्र जागून ते घोटलं. शेजारच्यांनाही झोपू दिलं नाही. तिथल्या कोकणी मुसलमानांपुढे आणि रत्नागिरीकडच्या मंडळींपुढे त्यांनी मराठीत बोलावं, हा आग्रहही गांधीजींचाच. मराठीचा हिंदी अनुवाद मी करतो म्हटल्यावर, तुम्हाला मराठी कधीपासून येऊ लागलं, म्हणून गोखल्यांनी त्यांची थट्टा केली. पण ते मराठीत बोलले.

जानेवारी १९१५मध्ये गांधीजी मायदेशी परतले, तेव्हा गोखल्यांनी त्यांना वर्षभर देश पाहायला आणि राजकीय प्रश्नांवर जाहीर न बोलायला सांगितलं. थोड्याच दिवसांत, १९ फेब्रुवारीला, गोखले वारले. गांधीजींनी ते वर्ष पाळलं.

हल्ली अनेक कंपन्यांत नव्या माणसाला मेंटॉर नेमून देतात. महिन्यातून एकदा कॉफी, थोडी विचारपूस आणि शेवटी एक फॉर्म. ‘कम्युनिकेशन स्किल्स’च्या कार्यशाळेत हातवारे आणि नजर यांवर दोन दिवस जातात. हे सगळं निरुपयोगी आहे असं नाही, पण गोखल्यांच्या उमेदवारीशी ताडून पाहिलं, तर यातून मसुदाच गायब आहे. ज्या वाचकांवर कुणाला घडवायची जबाबदारी असेल, त्यांनी या आठवड्यात त्या माणसाचा एक कच्चा कागद मागून घ्यावा आणि पेन्सिल घेऊन त्याच्याबरोबर ओळीन् ओळ वाचावा.

पुढच्या भागात टोस्टमास्टर्स. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी, वायएमसीएच्या तळघरात तो क्लब सुरू केला. तिथे प्रत्येक तयार भाषणानंतर दुसरा सदस्य उभा राहून त्या भाषणाचं जाहीर मूल्यमापन करतो.