लॉफ्टस हॉल

आयर्लंड देशाच्या आग्नेय भागात वेक्सफर्ड नावाचा परगणा आहे. तेथे हूक नावाचे एक चिंचोळे भूशिर समुद्रात शिरलेले आहे. त्याच्या टोकावर सुमारे ८०० वर्षांपूर्वी बांधलेले दीपगृह असून, त्याचा दिवा आजही जहाजांना वाट दाखवितो. या दीपगृहापासून थोड्या अंतरावर, उघड्या माळावर, राखी रंगाचा एक भव्य तीनमजली वाडा उभा आहे. समुद्रावरचा सोसाट्याचा वारा त्याच्या भिंतींवर सतत आदळत असतो. हाच तो लॉफ्टस हॉल. भुताटकीच्या कथांमुळे त्याची ख्याती दूरवर पसरली आहे.

या जागी पहिली गढी बांधली ती रेडमंड घराण्याने, सुमारे १३५० मध्ये. पुढे आयर्लंडमध्ये युद्ध पेटले. १६४२ मध्ये इंग्रज सैनिकांनी गढीवर हल्ला केला, तेव्हा वृद्ध अलेक्झांडर रेडमंड याने मोजक्या माणसांनिशी तो परतवून लावला. परंतु क्रॉमवेलच्या स्वारीनंतर रेडमंडांची सत्ता गेली आणि त्यांची वास्तू लॉफ्टस या इंग्रज घराण्याच्या हाती आली. तेव्हापासून तिला लॉफ्टस हॉल हे नाव मिळाले.

वाड्याची प्रसिद्ध दंतकथा अठराव्या शतकातील आहे. त्या वेळी लॉफ्टसांचे नातेवाईक टॉटनहॅम हे आपल्या ॲन नावाच्या मुलीसह तेथे राहत होते. एका वादळी रात्री एक तरुण परका आश्रयासाठी दाराशी आला. यजमानांनी त्याला ठेवून घेतले. लवकरच ॲनचे मन त्याच्यावर जडले. एके रात्री सर्व मंडळी पत्ते खेळत असता ॲनच्या हातून एक पान खाली पडले. ते उचलण्यासाठी ती वाकली, आणि पाहते तो काय, परक्याच्या पायाच्या जागी दुभंगलेले खूर! युरोपात सैतानाची हीच खूण मानीत. ॲनने किंकाळी फोडली. तोच तो परका ज्वालेचे रूप घेऊन छत फोडून नाहीसा झाला. छताचे ते भगदाड पुढे कधीच नीट बुजले नाही, अशी पुस्तीही लोक जोडतात.

या धक्क्याने ॲनला वेड लागले. घरच्यांनी तिला एका खोलीत कोंडून ठेवले. खिडकीपाशी बसून ती समुद्राकडे पाहत राही, आणि तेथेच तिचा अंत झाला. नंतर तिचे भूत वाड्यात फिरू लागले. शेवटी फादर ब्रॉडर्स नावाच्या कॅथॉलिक धर्मगुरूने मंत्रोच्चार करून त्याला शांत केले, असे सांगतात.

आता या कथेला इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहू. आज दिसणारा वाडा ॲनच्या काळचा नाही! जुनी वास्तू जवळजवळ संपूर्ण पाडून, १८७० नंतरच्या दशकात लॉफ्टस घराण्यातील एका उमरावाने त्याच जागी हा नवा वाडा उभारला. त्याची आई व्हिक्टोरिया राणीच्या सेवेत होती. राणी आपल्याकडे मुक्कामाला येईल, या आशेने त्याने पाण्यासारखा पैसा ओतला, असे म्हणतात. राणी आली नाही. कर्ज मात्र मागे राहिले. तेव्हा ज्या छतातून सैतान निसटला, ते छतच आज अस्तित्वात नाही.

दुसरी गोष्ट अशी की, हीच कथा आयर्लंडमध्ये इतरत्रही ऐकू येते. डब्लिनजवळच्या माँटपेलियर टेकडीवरील पडक्या शिकारखान्यात असाच परका पत्ते खेळण्यास आला होता, असे सांगतात. किल्डेअर परगण्यातील कॅसलटाउन वाड्यातही खुरांचा पाहुणा जेवणास आल्याची कथा आहे. कथा गावोगाव फिरते आणि जेथे जुना वाडा दिसेल तेथे बिऱ्हाड करते. त्या काळी उमरावांना जुगाराचे वेड होते. त्यांचे कूळ असलेले शेतकरी बहुधा गरीब कॅथॉलिक होते. प्रॉटेस्टंट मालकाच्या घरी सैतान येतो आणि त्याचे भूत कॅथॉलिक धर्मगुरू उतरवितो, ही कथा ऐकताना त्या शेतकऱ्यांना मनातून समाधान वाटत असावे.

मग या कथेत खरे काहीच नाही काय? सैतान बाजूला केला, तर बंद खोलीतील एक दुःखी मुलगी मागे उरते. त्या काळी मनाच्या आजाराविषयी फारच थोडे ज्ञान होते. असा रुग्ण घरात असला, तर लाजेपोटी त्याला पुष्कळदा दृष्टीआड ठेवीत. ज्या दुःखाचे कारण कळत नाही, त्याला लोक भुताचे नाव देतात. आज अशा रुग्णावर उपचार होऊ शकतात. त्याला भीतीची नव्हे, मायेची गरज असते.

१९१७ पासून या वाड्यात ख्रिस्ती जोगिणींचा मठ होता. १९८३ मध्ये तो विकला गेला आणि तेथे हॉटेल निघाले. तेही बंद पडल्यावर वाडा अनेक वर्षे ओसाड राहिला. २०१२ ते २०२० या काळात भुताच्या ओढीने हजारो प्रवासी तो पाहून गेले. सैतानाच्या खुरांचा माग घेत आलेल्या त्या प्रवाशांपैकी ज्यांना त्या खिडकीतील ॲनची कीव आली, त्यांनाच तो वाडा खऱ्या अर्थाने समजला.