आजीची गाणी आणि डिस्कचा सातबारा

वाङ्मय मंडळाच्या अंकात हार्ड डिस्कवर लेख कशाला, असं कुणीतरी विचारणारच. म्हणून कारण आधी सांगते. सुरतेत लिंबायत-उधना भागात आमच्यासारखी खान्देशी घरं भरपूर आहेत. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून तापी लाइनच्या गाडीने आलेली, लूमवर नाहीतर कापड मार्केटात काम करणारी. घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी. आमच्या आजीला लग्नातली गाणी, हळदीची गाणी, जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ होत्या. काकांनी त्यांतल्या बऱ्याच फोनवर रेकॉर्ड करून घरच्या कॉम्प्युटरवर ठेवल्या. आजी आता नाही. तो कॉम्प्युटरही चालू होत नाही. उरली आहे त्यातली पाचशे जीबीची डिस्क, आणि या गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

ती डिस्क माझ्या लिनक्स लॅपटॉपला जोडून गाणी नव्या डिस्कवर नेण्याचं काम माझ्याकडे आलं. माउसने हे होत नाही असं नाही. पण माउसवाले प्रोग्राम फार मदतीला धावतात. डिस्कची रचना ओळखता आली नाही की विंडोज सरळ विचारतं, फॉरमॅट करू का? घाईत कुणी ‘हो’ म्हटलं की संपलं. टर्मिनलवर, म्हणजे त्या काळ्या पडद्यावर, आपण जेवढं टाइप करू तेवढंच होतं. तीच त्याची भीती आणि तोच त्याचा फायदा.

(कमांडची नावं इथे मी देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना ती रोमन लहान अक्षरांत करायची. काहींचा उच्चारच होत नाही, ती सुट्या अक्षरांनी वाचा. बऱ्याच कमांडना आधी ‘सुडो’ लावावं लागतं.)

आता पार्टिशन म्हणजे काय? सुरत आणि फाळणी म्हटलं की इतिहासवाल्यांना १९०७ चं काँग्रेस अधिवेशन आणि व्यासपीठावर भिरकावलेला तो जोडा आठवेल. इथली वाटणी त्यापेक्षा शांत आहे, शेताच्या वाटणीसारखी. डिस्क म्हणजे सलग वावर. त्याचे दोन-तीन हिस्से पाडले की प्रत्येक हिस्सा एक पार्टिशन. पण शेतात निदान बांध तरी दिसतो. डिस्कवर बांध नसतो, असते फक्त नोंद: अमुक हिस्सा इथून सुरू, तिथे संपला. या नोंदीच्या कागदाला पार्टिशन टेबल म्हणतात. आपल्या भाषेत डिस्कचा सातबारा. (गुजरातेतही सातबाराच म्हणतात, त्यामुळे हे उदाहरण आमच्या शेजाऱ्यांनाही लगेच कळतं.)

हा सातबारा किती लहान असावा? १९८३ साली पीसी-डॉसच्या २.० आवृत्तीबरोबर आलेल्या जुन्या पद्धतीत, म्हणजे एमबीआरमध्ये, तो डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइट्समध्ये मावतो. त्यातलेही फक्त ६४ बाइट्स वाटणीचे. एका हिश्शाला १६, म्हणून मुख्य हिस्से चारच. पाचशे जीबी जमीन आणि तिचा उतारा ६४ बाइट्सचा! हिस्सा कुठे सुरू होतो आणि केवढा आहे ते आकडे ३२ बिटांचे असल्यामुळे, नेहमीच्या ५१२ बाइट्सच्या सेक्टरवर, ही पद्धत साधारण दोन टीबीच्या पुढे जात नाही. नवी पद्धत जीपीटी. तिच्यात सहसा १२८ हिश्शांची सोय असते, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे उताऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

यातून एक गोष्ट लक्षात येते. सातबारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही. पार्टिशन टेबल पुसलं गेलं तरी खालची गाणी बहुतेक वेळा जागच्या जागी असतात, आणि ‘टेस्टडिस्क’सारखा प्रोग्राम हिस्से शोधून उतारा पुन्हा तयार करू शकतो. पण त्याच जागेवर नवं फॉरमॅट केलं, नवं काही लिहिलं, तर ती नांगरट होते. एसएसडीवर तर फॉरमॅट करताना जुनी जागा पूर्ण रिकामी करण्याचा हुकूमही सहसा सोबत जातो. मग शोधायला काही उरत नाही.

पहिली कमांड नेहमी बघण्याचीच: ‘एल-एस-बी-एल-के’. जोडलेल्या सगळ्या डिस्क आणि त्यांचे हिस्से ती झाडाच्या फांद्यांसारखे दाखवते. माझ्याकडे लॅपटॉपची आतली डिस्क ‘एसडीए’ आणि आजीची ‘एसडीबी’ दिसली. पाचशे जीबीची डिस्क तिथे ४६५.८ दिसते. घाबरू नका, काही हरवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीने मोजते, ही कमांड १०२४ च्या. कमांडपुढे एक जागा सोडून आडवी रेघ आणि ‘एफ’ लिहिलं तर प्रत्येक हिश्शाची फाइल सिस्टिम, लेबल आणि यूयूआयडी नावाचा लांबलचक क्रमांकही दिसतो.

हे तीन ओळखपत्रांचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण घात इथेच होतो. ‘एसडीबी’ हे नाव नाही, रांगेतला नंबर आहे. उद्या डिस्क वेगळ्या क्रमाने जोडल्या तर कालची ‘एसडीबी’ आज ‘एसडीसी’ होऊ शकते. यूयूआयडी म्हणजे गट नंबर: भरवशाचा, पण माणसाच्या लक्षात न राहणारा. लेबल म्हणजे गावात वावराला असतं तसं नाव. ‘विहिरीवरचं वावर’ म्हटलं की घरातल्या पोरालाही कळतं.

आणि आता त्याच शब्दाचा खड्डा. हिस्से पाडायच्या ‘पार्टेड’ नावाच्या प्रोग्राममध्ये ‘एमके-लेबल’ अशी कमांड आहे. वाचणाऱ्याला वाटणार, लेबल बनवा, म्हणजे नाव द्या. तिचा अर्थ तसा मुळीच नाही! जुन्या युनिक्सच्या बोलीत ‘डिस्क लेबल’ म्हणजे अख्खं पार्टिशन टेबल, आणि ही कमांड जुना सातबारा रद्द करून कोरा नवा लिहिते. एरवी ती इशारा देते, पण स्क्रिप्टच्या पर्यायाने चालवली तर विचारतही नाही. ‘एफडिस्क’ हा दुसरा प्रोग्रामही ‘डिस्कलेबल टाइप’ असं छापतो, तेव्हा तो एमबीआर की जीपीटी एवढंच सांगत असतो. दोघांत फरक मोठा आहे. एफडिस्कमध्ये केलेले बदल ‘डब्ल्यू’ दाबेपर्यंत कच्च्या कागदावरच राहतात. घोळ झाला तर ‘क्यू’ दाबून बाहेर पडा, डिस्कला ओरखडाही नाही. पार्टेड मात्र जे सांगाल ते त्याच क्षणी पक्कं करतो. नवशिक्यांनी एफडिस्कच वापरावा, असं माझं ठाम मत आहे.

आजीच्या डिस्कवर मी काहीच लिहिलं नाही, लेबलसुद्धा नाही. लेबल देणं म्हणजेही लिहिणंच. तिच्या डब्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली, झालं. ‘एसएफडिस्क’ला ‘डम्प’ हा पर्याय देऊन तिच्या सातबाऱ्याची नक्कल एका साध्या मजकूर फाइलमध्ये उतरवून घेतली. तिचा हिस्सा ‘माउंट’ केला तोही फक्त वाचण्यापुरता, म्हणजे ‘ओ’ पर्यायापुढे ‘आरओ’ लिहून. डिस्कमधून कटकट आवाज येत असता तर एवढंही केलं नसतं. अशा डिस्कची आधी ‘डीडीरेस्क्यू’ने अख्खी प्रत काढायची आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करायचं.

नवी डिस्क एक टीबीची. एफडिस्कमध्ये ‘जी’ दाबून कोरं जीपीटी टेबल, ‘एन’ दाबून दोन हिस्से, ‘पी’ दाबून एकदा वाचून बघितलं, मग ‘डब्ल्यू’. एक हिस्सा ईएक्सटी-४ चा, कायमच्या जतनासाठी. दुसरा एक्सफॅटचा, कारण नातेवाइकांच्या विंडोजला ईएक्सटी-४ आपणहून वाचता येत नाही आणि त्यांना गाणी ऐकायची आहेत.

आता नावं. ती मराठीत हवीत असा माझा हट्ट, आणि इथे आपली लिपी अनपेक्षितपणे मध्ये येते. ईएक्सटी-४ च्या लेबलला जागा १६ बाइट्सची. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नव्हे, काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे फक्त पाच चिन्हं! ‘सुरत’ चार चिन्हांत, बारा बाइट्समध्ये बसतं. ‘मराठी’ पाचांत, पंधरा बाइट्स, जेमतेम बसतं. ‘वाङ्मय’ बसत नाही: व, काना, ङ, हलन्त, म, य, झाले अठरा. ‘ई-टू-लेबल’ ही कमांड इशारा देऊन उरलेलं छाटते, आणि छाटते ती बाइट मोजून, त्यामुळे ‘य’चा एक तृतीयांश तुकडा मागे लटकत राहतो. आपल्या मंडळाचं नाव डिस्कला देता येत नाही, याची नोंद घ्यावी.

एक्सफॅट जरा उदार आहे. तिथे बाइट नाही, चिन्हं मोजतात, अकरा. ‘अहिराणी गाणी’ मधली जागा धरून बारा होतात. जागा काढून ‘अहिराणीगाणी’ लिहिलं तर बरोबर अकरा. शुद्धलेखनवाल्यांनी माफ करावं. जीपीटीमध्ये हिश्शाचं आणखी एक नाव सातबाऱ्यातच नोंदवता येतं, ३६ चिन्हांपर्यंत. ‘एसएफडिस्क’च्या ‘पार्ट-लेबल’ पर्यायाने ‘अहिराणी लग्नगीतं’ असं ऐसपैस लिहिता आलं. हे नाव फॉरमॅट केल्यावरही टिकतं, कारण ते शेतात नाही, उताऱ्यावर आहे. पेनड्राइव्ह फॅट-३२ चा असेल तर मात्र देवनागरीचा नाद सोडा आणि रोमनमध्ये नाव द्या.

माझ्या ईएक्सटी-४ हिश्शाचं नाव ‘ओव्या’. ओ, व, हलन्त, य, काना: पाच चिन्हं, पंधरा बाइट्स.

दुसरी प्रत नंदुरबारला मामांकडे ठेवायची असं घरात ठरलं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सोडल्यावर तापीने सुरत बुडवली, ते घरातल्या मोठ्यांनी पाहिलेलं आहे. फोटोंचे अल्बम चिखलातून काढून वाळवल्याच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले, त्यामुळे दोन्ही प्रती एकाच शहरात ठेवायला कुणीच तयार नव्हतं. मामांची डिस्क ‘डीडी’ने हुबेहूब नक्कल करून बनवली नाही. तशा नकलेत लेबल आणि यूयूआयडीही जशाच्या तशा येतात, आणि दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडल्या की ‘ओव्या’ म्हणजे नेमकी कुठली, हे लिनक्सलाही कळत नाही. तिच्यावर वेगळे हिस्से पाडले, फाइली साध्या कॉपी केल्या आणि जतनाच्या हिश्शाला नाव दिलं ‘तापी’. चार चिन्हं, बारा बाइट्स.

शेवटी ‘यू-माउंट’. कॉपी झाल्याचं पडद्यावर दिसलं तरी काही भाग अजून मेमरीतच असू शकतो, डिस्कवर उतरलेला नसतो. ही कमांड तो उतरेपर्यंत थांबून राहते. मामांच्या डिस्कला तिने दोन मिनिटं घेतली. टर्मिनल परत आलं, मग केबल काढली.